शाळेतल्या जुन्या सीडीतले धडे उघडले की ब्राउझर बंद पडतो. फ्लॅश प्लेअरची जुनी आवृत्ती टाकू का?

नका टाकू, सर. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि हलती चित्रं दाखवणारा जोड-प्रोग्राम, बंद केला. शेवटच्या आवृत्त्या तर १२ जानेवारी २०२१ नंतर काही चालवतच नाहीत. म्हणून शोधणाऱ्याच्या हाती त्याहून जुनी, सुरक्षेची भोकं न बुजवलेली आवृत्ती लागते, तीही कुठल्या साइटवरून, कोण जाणे. पोरांच्या कॉम्प्युटरवर ती नकोच.

मी दारव्हा तालुक्यात नेट कॅफे चालवायचो. २०१० च्या आधीची गोष्ट. बारावीच्या निकालानंतर एक मुलगी फॉर्म भरत होती. दोन पानं झाली होती, जातीच्या दाखल्याचा नंबर टाकणं चालू होतं. तिच्या भावानं दुसऱ्या टॅबमध्ये गाण्याचा व्हिडिओ लावला. पडदा पांढरा झाला आणि ब्राउझर गेला, सोबत फॉर्मही. पुन्हा भरेपर्यंत शेवटची एसटी निघून गेली. दोघा भावंडांना मी गाडीवर गावी सोडून आलो. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हा असे व्हिडिओ फ्लॅशवर चालायचे, आणि फ्लॅशसारखा प्लगइन (ब्राउझरला जोडलेला प्रोग्राम) ब्राउझरच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच चालू प्रोग्रामच्या आत, चालायचा. त्यानं मेमरीत नको तिथे हात घातला की विंडोज अख्खी प्रोसेस बंद करायची, मग सगळे टॅब जायचे. जून २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६.४ आला. त्यानं विंडोज आणि लिनक्सवर प्लगइनची प्रोसेस वेगळी केली. मग प्लगइन पडला तरी व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन दिसायचा, फॉर्म जागेवर राहायचा. माझ्या कॅफेत याहून मोठी सुधारणा दुसरी झाली नाही. पुढे एचटीएमएल५ या वेबपानं बनवायच्या नव्या पद्धतीमुळे ब्राउझर स्वतःच व्हिडिओ दाखवू लागला. त्यासाठी थिओरा, वेबएम असे खुले फॉरमॅट वापरात आले. जानेवारी २०१५ पासून यूट्यूबनेही फ्लॅश सोडून तोच मार्ग धरला.

आता तुमची सीडी. आधी ती पूर्ण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, ओरखडे पडले की संपलं. मग फाइलच्या नावाचं शेपूट बघा. एफएलव्ही असेल तर तो नुसता व्हिडिओ, व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये चालेल. ईएक्सई असेल तर बहुतेकदा प्लेअर त्याच्या पोटातच असतो, ब्राउझर लागतच नाही. फक्त आधी अँटीव्हायरसनं तपासा.

एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची स्वतःची फाइल, असेल तर 'रफल' वापरा. हा फ्लॅशची जागा घेणारा खुला, फुकट प्रोग्राम आहे, रस्ट भाषेत लिहिलेला. त्या भाषेमुळे मेमरीच्या वर सांगितलेल्या चुका पुष्कळ टळतात. त्याची डेस्कटॉप आवृत्ती एकदा उतरवली की धडे नेटशिवाय उघडतात, आणि आपल्याकडच्या शाळांना तेच हवं. साधी अ‍ॅनिमेशनं नीट चालतात. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेत केलेले प्रश्नमंजुषेसारखे धडे मात्र कुठे कुठे अडतात, तेव्हा वर्गात लावण्याआधी प्रत्येक धडा शेवटपर्यंत चालवून बघा. कुठला अडलाच तर त्या फाइलचं नाव आणि कुठे थांबतो ते इथे लिहा, मी बघतो.