एम.एफ.ए.साठी परदेशी जाण्याआधी

तुम्ही विचारले आहे की, कोल्हापुरात जी. डी. आर्ट ही कला पदविका पूर्ण झाल्यावर अमेरिकेत जाऊन चित्रकलेत एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करावे का, आणि त्यासाठी वडील कागलजवळचे उसाचे रान तारण ठेवायला तयार आहेत, ते ठेवू द्यावे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: रान तारण ठेवू नका. मीही कोल्हापूरचाच; जी. डी. आर्ट करून इकडे अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात एम.एफ.ए. केले आणि आता इथेच शिकवतो, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो आहे.

एम.एफ.ए. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचे, काही ठिकाणी तीन वर्षांचे असते, आणि स्टुडिओ कलेत इकडे हीच सर्वोच्च व्यावसायिक पदवी मानली जाते. नामांकित खासगी कलाशाळांची फी वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर जाते आणि राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. राज्य विद्यापीठांत मात्र टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता शिकवण्याचे काम, मिळाली, तर फी पूर्ण किंवा बरीचशी माफ होते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवण्याचे मानधनही मिळते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पदवीनंतर आपल्याच विषयातले काम करायला १२ महिने मिळतात, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ चित्रकलेला नाही. तिकडे गेल्यावर नोकरी करून कर्ज फेडू, हा हिशेब त्यामुळे बसत नाही. असिस्टंटशिप मिळाली तरच जा; नाही मिळाली तर एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करा.

आता पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जासोबत पाठवायची चित्रे. चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून आपल्याकडे कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी, कोटितीर्थ तलावावर बसून पाण्यावरचा उजेड पकडण्याची जी परंपरा आहे, ती माझ्या हातात थोडीफार उतरली याचा मला आजही अभिमान वाटतो. पण पहिल्या वर्षी मी पाठवलेल्या २० चित्रांत पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातला संध्यामठ, प्रात्यक्षिकात केलेली व्यक्तिचित्रे, वस्तुचित्रे असे सगळेच थोडे थोडे होते, आणि सगळीकडून नकार आला. हात तयार आहे हे त्यांना दिसले असणार. हा माणूस नेमके काय शोधतो आहे, हे त्यातून दिसत नव्हते. गणेशोत्सव संपल्यावर मी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊ लागलो. तिथे भिंतीला टेकवून ठेवलेल्या साच्यांच्या आतली सोंडेची पोकळी, दोन अर्धे जिथे जुळतात ती कड, कडेवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर आणि पोकळीत साठलेली पांढरी धूळ, एवढेच वर्षभर जलरंगात रंगवले. त्यातली १५ चित्रे पाठवली आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यांतल्या एका ठिकाणी असिस्टंटशिपसह. तंत्र तेच होते, कागदही तोच होता.

इकडे आल्यावर सगळ्यात जड जाते ते ‘क्रिटिक’. तुमचे चित्र भिंतीवर लावून दहा-बारा जण अर्धा-पाऊण तास त्यावर बोलतात आणि कित्येकदा तुम्ही तोवर गप्प बसायचे असते. आपल्याकडे सर चित्रासमोर उभे राहून ब्रश हातात घेतात आणि चूक दुरुस्त करून दाखवतात. इकडे कोणी ब्रशला हात लावत नाही, हे असेच का केले, एवढे विचारतात. त्याची तयारी कोल्हापुरातच करा: प्रत्येक चित्राबद्दल मराठीत एक पान लिहा आणि मगच त्यावरून अर्जासाठीचे इंग्रजी निवेदन तयार करा.

जी. डी. आर्ट ही पदविका असल्यामुळे ती पदवीसमान धरायची की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि साधारणपणे तीन शिफारसपत्रे शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन भरायची असतात, तेव्हा सरांना दिवाळीआधीच भेटा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. तुम्ही अनुसूचित जातीचे असाल, तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटीही वाचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी कला अकादमींत फी जवळजवळ नसते, पण शिकवणे जर्मनमधून चालते, म्हणून भाषेला दीड-दोन वर्षे देण्याची तयारी हवी.

फोटो काढताना चित्रे काचेच्या फ्रेममधून बाहेर काढा आणि सकाळी सोप्यात, थेट ऊन येत नाही अशा जागी ठेवा. माझ्या पहिल्या वर्षीच्या संध्यामठाच्या फोटोत काचेवर प्रदर्शनाच्या हॉलमधली ट्यूबलाइट उमटली होती. दसऱ्यापर्यंत एका विषयावरची दहा-बारा चित्रे जमली, तर मला पाठवा. मी एकेक पाहून सविस्तर लिहीन.