रोज धावूनही फ्लूने आठ दिवस झोपवलं, मग फिटनेसचा उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं रोज धावतोय, व्यसन नाही, वजन आटोक्यात, तरी फ्लूने आठ दिवस अंथरुणाला खिळवलं, मग एवढा घाम गाळून मिळवलं काय? आणि पुन्हा धावायला कधी सुरुवात करू?

तुमचा वैताग मला कळतो. विषाणू शिरतो तो नाका-घशाच्या अस्तरातून, तिथे मांड्या किती भक्कम आहेत याला फारसा अर्थ नसतो. समोर कोण खोकलं, किती वेळ जवळ होतात, त्या विषाणूची शरीराला आधी ओळख होती का, लस घेतली होती का, यावर बरंचसं ठरतं. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १४ प्रयोगांतल्या १,३७७ प्रौढांची माहिती तपासली होती. व्यायाम करणाऱ्यांना सर्दी-खोकला कमी वेळा होतो असं त्यात दिसलं नाही. त्रासाची तीव्रता आणि पाहणीच्या काळातले लक्षणांचे एकूण दिवस मात्र कमी दिसले. पुरावा फार पक्का नव्हता, पण मला तो पटतो, कारण मी ते जवळून पाहिलंय.

वडील ७२ वर्षांचे असताना फ्लूवरून त्यांना न्यूमोनिया झाला. रोज तासभर चालायचं हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. तिसऱ्या रात्री मी उशाशी बसलो होतो. श्वास मिनिटाला तीसच्या घरात, ओठ कोरडे पडलेले. पण खोकल्याची उबळ आली की ते दोन्ही तळहात गादीवर रोवायचे, स्वतःच उठून बसायचे, पुढे वाकायचे आणि पोटातून जोर लावून कफ बाहेर काढायचे. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांना उठवून बसवायला दोघं लागायचे. खोकला अर्ध्यावरच विरायचा आणि कफ छातीत घुरघुरत राहायचा. एका खोलीतल्या दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण खोकायलाही स्नायू लागतात हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. फुप्फुसात सूज असेल तर नेमका तेव्हाच पुरवठा तोकडा पडतो. ज्याचं हृदय आणि श्वासाचे स्नायू कमावलेले आहेत, त्याच्याकडे ही ओढाताण सोसायला शिल्लक असते. ज्याला एरवीच जिना चढताना धाप लागते, त्याची शिल्लक लवकर संपते.

कोविडच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्याला १५० मिनिटं किंवा जास्त व्यायाम सातत्याने करणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ काहीच हालचाल नसलेल्यांमध्ये इस्पितळात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. आधीपासून आजारी असलेला माणूस मुळातच कमी हालतो, त्यामुळे हा सगळा फरक व्यायामाच्या खात्यात टाकता येणार नाही. तरी एवढा मोठा फरक मी दुर्लक्षून सोडणार नाही.

तुमच्या आठ दिवसांबद्दल बोलायचं तर, तुम्ही धावत नसता तर हेच दुखणं कसं गेलं असतं, हे तुम्हाला कधीच पाहता येणार नाही. म्हणून धावणं वाया गेल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे मी कळकळीने सांगतोय. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना धावू नका. घाम काढला की ताप जातो, हा समज घातक आहे. फ्लूचा विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. गोळ्यांशिवाय ताप उतरून दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग आधी नुसतं चाला, दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही तरच थोडं अंतर वाढवा. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर तो दिवस सोडून द्या. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा चक्कर आली तर बूट काढून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी काढायला फार वेळ लागत नाही.