जुना एज ऑफ एम्पायर्स २ लावला की मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ येतं आणि स्क्रीन काळी होते. मॉनिटर बिघडला का?

नाही हो, मॉनिटर ठणठणीत आहे. डेस्कटॉप नीट दिसतोय ना? मग दुकानात न्यायची घाई करू नका.

हा गेम १९९९ चा. तो ८०० × ६०० सारखं रिझोल्यूशन आणि फक्त २५६ रंग मागतो. काही नव्या मॉनिटरना असा सिग्नल झेपत नाही, म्हणून ते हात वर करतात.

आधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंगचं काम ‘डिस्प्ले’कडून काढून ‘जीपीयू’कडे (म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे) द्या आणि ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडा. मग चित्र कार्डच मोठं करतं आणि मॉनिटरला त्याच्या सवयीचाच सिग्नल मिळतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. ४:३ रुंदी-उंचीचं चित्र १६:९ च्या रुंद मॉनिटरवर ताणलं की घोडेस्वार बुटके आणि जाडे दिसतात!

गवत जांभळं, पाणी लाल असं दिसलं तर तो २५६ रंगांचा घोळ. गेम सुरू करणाऱ्या .ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे ‘रिड्यूस्ड कलर मोड’ करून बघा. माझा भरवसा मात्र ‘सीएनसी-डीड्रॉ’वर जास्त. जुन्या गेमचं चित्र नव्या विंडोजवर नीट दाखवणारी ही छोटी प्रणाली फुकट मिळते. तिच्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये,.ईएक्सईशेजारी टाकायच्या. तिच्यामुळे पूर्ण स्क्रीनऐवजी खिडकीतही (विंडोत) गेम चालवता येतो, म्हणजे रिझोल्यूशनचा प्रश्नच उरत नाही.

आत्ता काळ्या स्क्रीनवर अडकला असाल तर ऑल्ट + एफ४ दाबा.