विमान कंपनी बुडाली तर आधी बँक गाठ

दिवाळखोरीची बातमी वाचून लगेच हातपाय गाळू नकोस. अमेरिकन एअरलाइन्सने 2011 मध्ये न्यायालयाकडे घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागितलं, तरी तिची विमानं उडतच राहिली. खरी पंचाईत कामकाज थांबतं तेव्हा. 2017 मध्ये मोनार्क ही ब्रिटिश विमान कंपनी पहाटे बंद पडली आणि माणसं बॅगा घेऊन विमानतळावर उभी!

अशा वेळी हेल्पलाइनवर तास घालवू नकोस, तिकडे फोन उचलायला कोणी उरलेलं नसतं. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला सांग, ‘सेवा मिळाली नाही, चार्जबॅक हवाय’, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत हवेत. याला मुदत असते, त्यामुळे उद्यावर ढकलू नकोस. त्याआधी तिकीट, पैसे कापल्याचा मेसेज, उड्डाण रद्द झाल्याची सूचना, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ. मी एकदा आळस केला, दोन दिवसांत संकेतस्थळच गायब, मग महिनाभर बँकेशी ईमेल-ईमेल खेळत बसलो.

थेट खात्यातून पैसे दिले असतील तर घेणेकऱ्यांच्या रांगेत नाव लागतं, तेही तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँकांच्या मागे. फार आशा धरू नकोस.

विम्याचं म्हणशील तर पॉलिसीत ‘कंपनीची दिवाळखोरी’ हे शब्द शोध, बऱ्याचदा नसतात. आणि एजंटाकडून पॅकेज घेतलं असेल तर आधी त्याचीच मानगूट धर.