बार्शी लाइटवरच्या तुझ्या कवितेबद्दल

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची बार्शी लाइटवरची, म्हणजे आपल्याकडच्या त्या जुन्या छोट्या रेल्वेवरची कविता, दोन्ही मिळालं. कविता आधी मनात वाचली, मग ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हटली. लय कुठेही अडखळत नाही. पण पत्रातली एक ओळ टोचली. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी तुला म्हणालं, "रेडिओला चालेल, पण कविता म्हणून फार सोपं आहे." त्या दिवसापासून तू एक ओळही लिहिलेली नाहीस. म्हणून आज तुला एका इंग्रज कवीबद्दल सांगते.

जॉन बेचमन हे त्याचं नाव. स्पेलिंग बघून कोणी बेट्जमन म्हणेल, पण उच्चार बेचमन. (माइकसमोर बसायचं असेल तर नावांचे उच्चार आधी तपासायचे, ही सवय आत्ताच लावून घे.) जन्म १९०६चा, लंडनचा. पहिल्या महायुद्धात हे आडनाव जर्मन वाटतं म्हणून शाळेत पोरांनी त्याला छळलं. दहा वर्षांचा असताना त्याने आपल्या कवितांची वही शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला दिली. ते शिक्षक म्हणजे पुढे मोठे कवी झालेले टी. एस. एलियट! त्या वहीबद्दल एलियट काही बोलले नाहीत. पुढे ऑक्सफर्डमधूनही तो पदवी न घेताच बाहेर पडला. वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता, मुलाने तो चालवावा अशी त्यांची इच्छा होती. तेही त्याला जमलं नाही, आणि त्याची बोच आयुष्यभर राहिली.

तो लिहायला लागला तेव्हा इंग्रजी कवितेत एलियटचं युग सुरू झालं होतं. यमक जुळवणं, गुणगुणता येईल असं लिहिणं मागासलेपणाचं समजलं जायचं. बेचमन मात्र वृत्तात आणि यमकातच लिहीत राहिला. विषय तरी कोणते? टेनिस, उपनगरातली घरं, शाखामार्गावरची छोटी स्टेशनं, खेड्यातली चर्च. १९५८ साली त्याच्या समग्र कवितांचं पुस्तक आलं आणि कवितेचं पुस्तक एरवी कधी खपत नाही इतकं खपलं. १९७२ साली तो राजकवी झाला. तुला सोपेपणावरून बोलणाऱ्यांना एवढंच सांग की ऑडेनसारख्या अवघड कवीने आपलं एक दीर्घकाव्य याच माणसाला अर्पण केलं, आणि कवी लार्किनने त्याच्याबद्दल मनापासून लिहिलं. सोपं आणि उथळ यांतला फरक त्या दोघांना कळत होता.

पण तुला त्याच्याकडून घ्यायचंय ते वेगळंच. १९४३ साली, ऐन युद्धात, त्याने बीबीसीवर एक भाषण केलं. इंग्लंड म्हणजे माझ्यासाठी काय, हा विषय. अशा वेळी दुसरा कोणी झेंडा, सिंहासन, शौर्य यांवर बोलला असता. बेचमनने काय सांगितलं? तेलाच्या दिव्यांची चर्च, गावातल्या बायकांची मंडळं, वेदीवर कुठली रानफुलं ठेवायची यावरून होणारे वाद, शनिवारी दुपारी येणारा गवत कापायच्या यंत्राचा आवाज, शाखामार्गावरच्या गाड्या, फाटकाला टेकून शेतांकडे बघत उभं राहणं. ज्याचा मुलगा आघाडीवर होता, त्याला यातलं काहीतरी नक्की आपलं वाटलं असणार.

मोठ्या शब्दांपेक्षा असे छोटे, नेमके तपशील पोचतात, हे मला स्वतःला उशिरा कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या वाड्यावर दहा मिनिटांचं निवेदन केलं होतं. भव्य, वैभवशाली, इतिहासाची साक्ष, सगळं त्यात होतं. आठवड्याने एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं: "बाई, वाडा कुठल्या पेठेतला ते राहून गेलं." ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

तुझ्या कवितेत 'जुनी स्टेशनं' आहेत, 'हरवलेले प्रवासी' आहेत. अगं, नावं कुठे गेली? कुर्डुवाडी, मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, ही नावं नुसती ओळीने म्हटली तरी गाडी चालू लागते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून १८९७ साली सुरू झालेली ही गाडी १९०६मध्ये पंढरपूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोचली. ती उभी करणारा एव्हरार्ड काल्थ्रॉप इंग्लंडचाच. इथला अनुभव घेऊन त्याने तिकडे स्टॅफर्डशरमध्येही एक अशीच छोटी लाइन उभारली. तुझे आजोबा वारीला याच गाडीने जायचे, असं तू पत्रात लिहिलंस. कवितेत का नाही लिहिलंस?

आता तुझ्या शेवटच्या कडव्याबद्दल. त्यात तू नव्या ब्रॉडगेजला, नव्या फलाटांना शिव्याशाप दिले आहेस. तरुणपणी बेचमननेही हेच केलं. स्लाव नावाचं एक गाव कारखान्यांनी भरून गेलं होतं. १९३७च्या त्याच्या संग्रहात त्या गावावर बॉम्ब पडावेत असं आवाहन करणारी कविता आहे. तिथल्या बिचाऱ्या कारकुनांना वगळा, त्यांचा काय दोष, असंही त्यात म्हटलं आहे, पण लोकांच्या लक्षात राहिला तो बॉम्बच. पुढच्या तीन वर्षांत इंग्लंडच्या शहरांवर खरे बॉम्ब पडू लागले. ती कविता लिहिल्याचा त्याला पस्तावा होता, असं २००६मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला त्याच्या मुलीने सांगितलं आणि त्या गावाची माफी मागितली.

याउलट १९७३चा त्याचा 'मेट्रोलँड' हा बीबीसीवरचा माहितीपट बघ. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने लंडनच्या वायव्येला वाढलेली उपनगरं, म्हणजे एरवी ज्यांची टिंगल व्हायची तीच एकसारखी दिसणारी घरं. तो त्या गाडीने जातो, उतरतो, घरं न्याहाळतो. गोल्फच्या मैदानावर चेंडू मारायला जातो, चेंडू चुकतो आणि तो मोकळा हसतो. तो प्रसंग त्यांनी कापला नाही. चित्रीकरण झाल्यावर संकलनाच्या खोलीत चित्रं पुन्हापुन्हा बघत त्याने निवेदन लिहिलं, काही गद्यात, काही पद्यात. चित्रात दिसतंय ते शब्दांत परत सांगायचं नाही, हे त्या पन्नासेक मिनिटांत शिकायला मिळतं. पण त्याहून मला मोलाचं वाटतं ते हे, की छत्तीस वर्षांपूर्वी नव्या वस्तीवर चिडलेला माणूस इथे तशाच वस्त्यांकडे मायेने बघतो.

तू विचारलंस, असं लिहून आणि बोलून होतं काय? कधी काहीच होत नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनासमोर १८३७ची प्रचंड दगडी कमान होती. ती वाचवायला बेचमन आणि त्याचे सहकारी खूप झगडले. १९६१-६२मध्ये ती पाडलीच. तिचे बरेच दगड पूर्व लंडनमधल्या एका प्रवाहाच्या तळातला खड्डा बुजवायला टाकले होते, ते १९९४मध्ये सापडले. मग शेजारच्या सेंट पँक्रस स्टेशनची पाळी आली. १८६८ची ती सुमारे ७३ मीटर रुंद लोखंडी छताची कमान, मधे एकही खांब नाही, आणि पुढे लाल विटांचं गॉथिक हॉटेल. त्या काळी व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, इमारती म्हणजे कुरूप अडगळ, असं शिकलेली माणसंही म्हणत. हे स्टेशन बेचमनने एकट्याने वाचवलं असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. अशा इमारती जपण्यासाठी १९५८मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरियन सोसायटी होती, पेव्हस्नरसारखा वास्तुकलेचा अभ्यासक होता. पण अशा इमारती लोकांना आवडू लागाव्यात यासाठी कवितेतून आणि रेडिओवरून अनेक वर्षं झटणारा माणूस हाच. १९६७मध्ये सेंट पँक्रसला संरक्षण मिळालं. त्या हॉटेलचा वास्तुकार गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे मुंबईचा राजाबाई टॉवर ज्याने योजला तोच. पुढच्या वेळी ओव्हल मैदानातून चालताना मान वर करून बघ.

बेचमन १९८४मध्ये कॉर्नवॉलमध्ये गेला. २००७पासून सेंट पँक्रसमध्ये त्याचा पुतळा आहे. हाताने हॅट धरलेली, मान मागे टाकलेली, डोळे त्या छताकडे.

शेवटचं कडवं काढून टाक. आजोबांना विचार, पंढरपूरला गाडी पोचायची तेव्हा डब्यातून पहिलं कोण उतरायचं, टाळकरी की म्हाताऱ्या? फलाटावर काय विकायला असायचं? त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेव, आवाजासकट. ते रेकॉर्डिंग आणि नवं कडवं, दोन्ही आषाढीच्या आत मला पाठव.

तुझी,
ताई