शनिवार-रविवारचं बँकॉक नाशिककराला कितीला पडतं?

प्रश्न (थोडक्यात): वय २७, नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत अकाउंट्स विभागात नोकरी. हातात ३४,००० येतात. घरी १०,००० देते, स्कूटरचा हप्ता ३,२००, एसआयपी ३,०००, स्वतःचा खर्च १० हजारांच्या आसपास. बँकेत ६०,००० ची एफडी आहे. सेलमध्ये मुंबई-बँकॉक जाऊन-येऊन तिकीट १७,५०० ला दिसतंय. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, एकटीनेच. पासपोर्ट अजून काढलेला नाही. एफडी मोडू की क्रेडिट कार्डावर सहा हप्ते करून घेऊ? बाबा म्हणतात, पैसे उडवायचे धंदे आहेत.

उत्तर: बाबांचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. तुम्ही घरी पैसे देता, एसआयपी चालू आहे, डोक्यावर मोठं कर्ज नाही. वर्षातून एकदा स्वतःच्या पैशाने फिरून येण्याला उधळपट्टी म्हणत नाहीत. माझा आक्षेप सहलीला नाही, ‘शनिवार-रविवार’ला आहे. तो हिशोब मुंबईत राहणाऱ्याचा आहे.

नाशिकच्या ओझर विमानतळाहून बँकॉकला थेट विमान नाही, म्हणजे मुंबई गाठणं आलं. शुक्रवारी रात्रीच्या विमानासाठी तुम्हाला दुपारीच नाशिक सोडावं लागेल. समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाल्याने कसारा घाट टळतो खरा, पण भिवंडीची कोंडी टळत नाही. परतीचं विमान सोमवारी पहाटे उतरणार, तुम्ही दहा-अकराला घरी, आणि त्या दिवशी ऑफिसात जाऊन व्हाउचर तपासणं काही होणार नाही. दोन दिवस फिरण्यासाठी दीड दिवस रजा गेली.

आता पैसे. तिकिटात जागा निवडणं, खाणं वगैरे धरून १९,०००. तेही फक्त सात किलोची केबिन बॅग नेलीत तर. नाशिक-मुंबई येणं-जाणं, विमानतळापर्यंतच्या रिक्षासह, २,५००. प्रवास विमा ५०० (कंपनीची मेडिक्लेम परदेशात चालेल हे गृहीत धरू नका). मोबाइलचं ई-सिम ८००. पासपोर्टची साधी फी १,५००. तत्काळ हवा तर वर २,००० आणखी. बेरीज २४,३००. हा आकडा तुम्ही तिथे एक दिवस राहा नाहीतर आठवडाभर राहा, तेवढाच.

तिथला रोजचा खर्च मी ४,००० धरतो. बाट म्हणजे तिथलं चलन, त्याचा भाव ३ रुपये धरलाय, जरा चढाच, पण परदेशाच्या हिशोबात भाव चढा धरलेला बरा. ग्रँड पॅलेसचं तिकीट ५०० बाट आणि वाट फो या मंदिराचं ३०० बाट, म्हणजे एका सकाळीच २,४०० रुपये गेले. उलट सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात यायला रेल्वे लिंकला जास्तीत जास्त ४५ बाट लागतात, आणि चाओ फ्राया नदीतली साधी बोट तर त्याहून स्वस्त. हॉस्टेलमध्ये मुलींच्या डॉर्मिटरीतली खाट हजारभर रुपयांत मिळावी.

दोन दिवसांचे ८,००० मिळवले की सहल ३२,३०० ला पडते. दिवसाला सोळा हजारांच्या वर! तेच चार दिवस राहिलात तर एकूण ४०,३००, दिवसाला दहा हजार. शुक्रवारी किंवा सोमवारी जोडून सुट्टी आली तर रजा अडीच दिवसच लागते. याला स्वस्तातली सहल म्हणा, त्या दोन दिवसांच्या धावपळीला नाही.

हे पैसे आणायचे कुठून? एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कमी मिळतं, ते किरकोळ आहे. पण घरी देता ते धरून हप्त्यासकट तुमचा महिन्याचा खर्च २३,२०० होतो. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांची सोय म्हणजे ६९,६००. तुमची एफडी आधीच तोकडी आहे.

कार्डाचे हप्तेही नकोत. दोन दिवसांच्या सहलीचे ३२,३०० जरी १५ टक्क्यांनी सहा महिने धरले तर हप्ता ५,६०० च्या आसपास, व्याज साधारण १,४००, त्यावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम भयंकर नाही, हे मीही मान्य करतो. पण तुमच्या आकड्यांप्रमाणे महिनाअखेर ७,८०० उरायला हवेत, आणि ते कुठे जातात हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. हप्ता लागला की आधी बंद पडेल ती एसआयपी. त्यापेक्षा पगाराच्या दुसऱ्या दिवशी ७,००० आपोआप कापले जातील अशी सहा महिन्यांची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) लावा. ४२,००० आणि वर थोडं व्याज. तिसऱ्याच महिन्यात ती मोडावी लागली, तर कार्डाचे हप्तेही झेपले नसते हे फुकटात कळेल.

सेल हातचा जाईल म्हणून घाई नको. पासपोर्ट हातात नसताना सेलचं तिकीट काढणं हा शुद्ध जुगार आहे. पोलीस पडताळणी लांबली की त्या तिकिटाचे फारसे पैसे परत येत नाहीत. पासपोर्टचा अर्ज मात्र याच आठवड्यात करा. (ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांच्यासाठी काठमांडू आहे, विमानाने जायला मतदार ओळखपत्र चालतं.)

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली, पण मुदत आणि अटी बदलत राहतात. त्यामुळे तिकिटाआधी दूतावासाच्या साइटवर पाहून घ्या. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

तिथे कार्ड वापरताना मशीनवर ‘रुपयांत की बाटमध्ये’ असं विचारतील. बाटच निवडा, रुपयांत घेतलं तर भाव दुकानदाराच्या बँकेचा लागतो. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क ३.५ टक्के असेल तर जीएसटीसह ४.१३ टक्के होतं. एटीएमला दर वेळी २२० बाटच्या आसपास कापतात, म्हणून थोडे-थोडे काढत बसू नका, एकदाच काढा.

आरडी लावलीत की हा कागद बाबांना दाखवा. पहाटे मुंबईत उतरून एकटी नाशिकला कशी येणार, हे ते विचारतीलच. नाशिकच्या द्वारका चौकापर्यंतच्या शेअर टॅक्सीऐवजी त्या एका फेरीला स्वतंत्र गाडी केलीत तर तीन-चार हजार जास्त धरा, आणि आरडी एक महिना पुढे न्या.