फिरतीवर लोककलावंतांच्या गाण्यांचे व्हिडिओ करतो, आवाजासाठी काय घ्यावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही दोघं मित्र दुचाकीवर कोकण आणि घाटमाथा फिरता, वाटेत भेटलेली भजनी मंडळं, गोंधळी, तारपावाले (तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) यांचे व्हिडिओ मोबाइलवर करता. चित्र छान येतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. हाताशी २५,००० रुपये आहेत, आणि चांगला शॉटगन माइक (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक) घेऊन मोबाइलवर बसवावा असा विचार आहे.

बसवू नका. मीही आधी तेच केलं होतं. मोबाइल उभा राहतो तो चौकट नीट दिसावी म्हणून, म्हणजे गाणाऱ्यापासून चार-पाच मीटरवर. माइक मात्र एक-दीड मीटरवरच हवा. अंतर दुप्पट झालं की समोरून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. देवळाच्या सभामंडपात दगडी फरशी आणि खांबांवरून फिरणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. लांबून टिपलेलं भजन विहिरीतून आल्यासारखं लागतं ते यामुळे. शॉटगन माइकही अशा बंदिस्त जागेत तो घुमारा वगळू शकत नाही, त्याचा उपयोग मोकळ्या मैदानात.

दुसरी अडचण मोबाइलचीच आहे. तो आवाजाची लेव्हल आपणहून वरखाली करतो. बुवा श्वास घ्यायला थांबले की मागचा पंखा पुढे येतो, आणि टाळ पडला की बुवा मागे ढकलले जातात. एडिटिंगमध्ये हे दुरुस्त होत नाही.

म्हणून आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घ्या. तुमच्या बजेटमध्ये मी झूम एच१ इसेन्शियल घेईन. मुठीत मावतो, रिमोटमध्ये घालतो त्या दोन सेलवर चालतो (हे सेल वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळतात), पॉवर बँकेवरही चालतो. आणि मुख्य म्हणजे त्यात ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग आहे.

या ३२-बिटवर मी एवढा अडून का बसतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरच्या गोंधळात मी जुना २४-बिटचा रेकॉर्डर लावला होता. गण चालू होता, तुणतुण्यावर हलक्या आवाजात. त्यावर बेतून मी लेव्हल लावली आणि निर्धास्त बसलो. मग संबळ सुरू झाला. पुढची चाळीस मिनिटं सगळा आवाज फाटलेला. त्यातले एक गोंधळी आजोबा सत्तरीच्या पुढचे होते, ते आख्यान पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. ती फाइल अजून माझ्याकडे आहे, पण ती ऐकवत नाही. आपल्याकडची लोकवाद्यं अशीच, एका क्षणात कुजबुजीवरून कडकडाटावर जाणारी. ३२-बिट फ्लोटमध्ये लेव्हल लावायचीच नसते. आवाज खूप मोठा वा बारीक आला तरी नंतर खालीवर करता येतो, फाटत नाही. मर्यादा उरते ती माइकच्या पडद्याची. ढोल किंवा संबळ अगदी तोंडाशी असेल तर माइकच गुदमरतो, तिथे दोन-तीन मीटर मागे सरका.

फाइलच्या आकाराची चिंता नको. ३२-बिट, ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने), स्टिरिओ धरलं तर तासाला साधारण १.४ जीबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात वीस तासांहून जास्त. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झच ठेवा, ४४.१ हा सीडीचा आकडा.

पण रेकॉर्डर हा खर्चाचा एक भाग झाला. त्याच खरेदीत केसाळ फरची टोपी घ्याच. साधा स्पंज खोलीत चालतो, दिवे घाटात पालखीबरोबर चालताना त्याचा काही उपयोग नाही. वारा लागला की नुसता घों घों. वाऱ्याने बिघडलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. मग कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा येतो. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही, हा नियम मी गोंधळाच्या त्या रात्रीनंतर मोडलेला नाही. आणि एक हलका स्टँड घ्या. रेकॉर्डर हातात धरला तर बोटांची प्रत्येक हालचाल त्यात उतरते.

जागेबद्दल. भजनात टाळकरी आठ-दहा असतात आणि टाळ सगळ्यांना गिळतात. त्यामुळे रेकॉर्डर बुवा आणि पखवाज यांच्या समोर ठेवा, छातीच्या उंचीवर, आणि टाळकरी शक्य तितके माइकच्या पाठीमागे येतील असं बसा. त्यांना उठवू नका, तुम्ही जागा बदला. पेटीच्या फार जवळ गेलात तर भात्याचा श्वास ऐकू येतो. एक खूणगाठ बांधा: पखवाज असेल तर लो-कट (खालचे, खर्जातले आवाज कापणारं बटण) बंद. बरेच जण वाऱ्यासाठी ते बटण कायम चालू ठेवतात, आणि मग कणीक लावलेल्या धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, तो खोल, भरीव नाद कापला जातो. वाऱ्यासाठी फर आहे.

तारप्याचं गणित निराळं. डहाणू-जव्हारकडे वाजवणारा एका जागी उभा नसतो, नाचणारी साखळी त्याच्याभोवती फिरते आणि तोही फिरतो. तिथे स्टँड रोवून उपयोग नाही. तुमच्यापैकी एकाने रेकॉर्डर काठीच्या टोकाला बांधून, वरून, वादकाच्या मागोमाग चालायचं. माइक तारप्याच्या खालच्या, कर्ण्यासारख्या टोकाकडे वळवा. पावलांचा आवाज येईल, तो येऊ द्या. तो नाचाचाच भाग आहे.

कपड्याला लावायच्या छोट्या वायरलेस माइकबद्दल बरेच जण विचारतात. मुलाखतीला ते उत्तम. गाण्याला नको. उपरणं घासतं, आणि शेजारचं वाद्य लांबचं, पोकळ ऐकू येतं.

चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. शेवटीही एक वाजवा, कारण लांब टेकमध्ये मोबाइल आणि रेकॉर्डर हळूहळू एकमेकांपासून सरकतात, दुसऱ्या टाळीवरून ते कळतं. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही दोन्ही आवाजांच्या लहरी पाहून जुळणी होते. मोबाइल खूप दूर असेल तर मात्र डोळ्यांनी टाळी पाहून जुळवा. आवाजाला १४ मीटर जायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक अख्खी फ्रेम.

पावसाळ्यात जाणार असाल तर सगळं सामान झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन अभंगात फोन वाजेल.

निघण्याआधी जवळच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनाला दोनदा जाऊन बसा. बुवांना आधी विचारा, आणि रेकॉर्डिंग झालं की तिथेच त्यांच्या कानाला हेडफोन लावा. चूक कुठे आहे ते त्यांना तुमच्याआधी कळेल. मला एका पखवाजवाल्यांनी तिथल्या तिथे सांगितलं होतं, "डावा हात येत नाहीये, थोडं इकडे सरक." सरकलो, आणि आला.

तुमच्या पुढच्या दौऱ्यात कोणती वाद्यं आहेत ते खाली लिहा. प्रत्येकासाठी माइक कुठे ठेवावा ते सांगतो.